ओवी आपली, पीएचडी तिची

संध्याकाळची वेळ आहे. कुणी भाकरी थापत असेल, कुणाच्या गोठ्यात धारा चालू असतील. हात चालू ठेवा, कान तेवढे इकडं द्या.

गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले आणि मी एक विषय मांडला. शहरातल्या विद्यापीठात पीएचडी करणारी एक मुलगी आपल्या गावात चार महिने राहायला येऊ म्हणते. बायकांशी बोलणार, जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करणार, शेतातल्या कामाचं शूटिंग करणार आणि शेवटी या सगळ्यातून नाटकासारखा एक प्रयोग बसवणार. त्यात कामं कुणी करायची? तर आपणच.

आमच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "पीएचडी म्हणजे जाड पुस्तक लिहायचं असतं ना? मग ही आपल्याला नाचवून डॉक्टर कशी होणार?"

सगळ्या हसल्या. पण प्रश्न खरा होता आणि मला त्याचं उत्तर देता आलं नाही. मी बीए केलंय, पण आमच्या वेळी परीक्षा म्हणजे प्रश्नपत्रिका आणि पुरवण्या. नाचून, गाऊन, शूटिंग करून कुणी सर्वांत मोठी पदवी मिळवतं हे मलाही नवीनच.

आणि त्या हसण्यात एक मावशी गप्प बसल्या होत्या. त्या नंतर म्हणाल्या, "पंधरा वर्षांमागं असाच एक जण आला होता. माझ्या आईच्या ओव्या दोन दिवस भरून घेतल्या त्यानं. पोहे खाल्ले, चहा घेतला, पाया पडला. सीडी पाठवतो म्हणाला. आई गेली. तिचा आवाज कुठंतरी पेटीत पडलाय, पण माझ्या घरात नाही." यावर कुणाला काही बोलता येईना.

म्हणून मी महिनाभर या विषयाच्या मागं लागले. त्या मुलीला फोन करून विचारलं, माझ्या कॉलेजातल्या जुन्या मॅडमना विचारलं, ग्रंथालयात बसून वाचलं. ते आज तुम्हाला सांगते. उद्या अशी एखादी मुलगी किंवा मुलगा तुमच्याही गावात येईल.

आधी अध्यक्षबाईंचा प्रश्न. या पीएचडीत तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली मानवशास्त्र. माणसं कशी राहतात, काय पिकवतात, लग्नं कशी जुळवतात, कुणाला आपलं म्हणतात, कशाला भितात, याचा अभ्यास. तो घरी बसून होत नाही. अभ्यास करणारा माणूस त्या लोकांत जाऊन राहतो, त्यांची बोली शिकतो, त्यांच्या ताटात जेवतो. आपल्याकडं इरावती कर्वे या शास्त्रातल्या फार मोठ्या विदुषी होऊन गेल्या. त्यांनी जर्मनीत बर्लिनला जाऊन पीएचडी केली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संशोधन केलं, महाराष्ट्र पालथा घातला. आणि त्या पंढरीच्या वारीत चालल्यासुद्धा. दिंडीतल्या बायकांबरोबर वाट तुडवून त्यांनी वारीवर लिहिलं. पायाला फोड आल्याशिवाय वारी कळत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

दुसरी गोष्ट माध्यम. म्हणजे कॅमेरा, रेकॉर्डिंग, फिल्म. ती का लागते? एखादी ओवी कागदावर लिहून बघा. दोन-तीन ओळी होतात. पण पहाटेची वेळ, जात्याची घरघर, ओळीच्या शेवटी ओढून धरलेला सूर, दुसरीनं मध्येच उचललेला शब्द, दम लागल्यावर घेतलेला श्वास, यातलं काहीही कागदावर येत नाही. आणि ओवीचं निम्मं दुःख त्या ओढलेल्या सुरात असतं.

तिसरी गोष्ट सादरीकरण. हे मला सगळ्यात उशिरा समजलं. पेरणीला पाभरीमागं चाड्यावर मूठ धरायची कशी, हे एखाद्या जुन्या बाईला विचारा. ती दोन वाक्यं सांगेल, मग म्हणेल, "अगं, असं सांगून कळायचं नाही," आणि उठून हात करून दाखवेल. बी सारखं पडायला बोटं किती ढिली सोडायची हे तिच्या बोटांना माहीत असतं, जिभेला नाही. फुगडीचं तसंच, भोंडल्याच्या फेराचं तसंच. अंगात असलेलं ज्ञान बाहेर काढायचं, तर ते करून दाखवावं लागतं. अभ्यास करणाऱ्यालाही ते करून बघावं लागतं.

या तिन्हीची मोट बांधून पीएचडी करायची सोय काही विद्यापीठांत आहे. इंग्लंडमध्ये मँचेस्टर नावाचं शहर आहे. एके काळी कापडाच्या गिरण्यांसाठी जगभर गाजलेलं. तिथल्या विद्यापीठात अगदी याच नावाची पीएचडी आहे, मानवशास्त्र, माध्यमं आणि सादरीकरण. तिथं 1987 साली फिल्मच्या आधारे मानवशास्त्र शिकवणारं एक केंद्र सुरू झालं. ग्रॅनडा नावाच्या टीव्ही कंपनीनं त्याला हातभार लावला, म्हणून नावही ग्रॅनडा केंद्र. ही कंपनी 1970 पासून जगातल्या वेगवेगळ्या समाजांवर टीव्हीसाठी मालिका बनवत होती. तिथला विद्यार्थी लोकांमध्ये जाऊन राहतो, फिल्म करतो किंवा प्रयोग बसवतो आणि त्याबरोबर लेखी प्रबंधही देतो. तेव्हा अध्यक्षबाई, जाड पुस्तक सुटलेलं नाही. जरा बारीक झालंय एवढंच. फिल्ममधून काय कळलं, कॅमेरा तिथं असल्यामुळं माणसं वेगळी वागली का, हे सगळं लिहावंच लागतं.

आपल्याकडं पुण्याच्या विद्यापीठात मानवशास्त्राचा विभाग वेगळा आणि नाच-गाणं-नाटक शिकवणारं ललित कला केंद्र वेगळं आहे. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, तिथं आपली लोककला शिकवतात. तिन्ही एकत्र करायचं तर विद्यार्थ्याला दोन-तीन दारं ठोठवावी लागतात. आमच्याकडं येणाऱ्या मुलीचीही तीच धावपळ चालू आहे. जाता जाता एक सांगते, ज्यांच्या मुली शिकतायत त्यांनी लक्षात ठेवा. 2022 च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं लागतात, आणि बायकांना ती पुरी करायला पुरुषांपेक्षा दोन वर्षं जास्त मिळू शकतात. बाळंतपण आणि मुलांच्या संगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजाही आहे. लग्न झालं म्हणजे शिक्षण संपलं, असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

आता मावशींच्या दुखण्याकडं येते. त्यासाठी एका बाईची गोष्ट सांगायला हवी. ती वाचताना मला सारखी आपल्या गावाची आठवण येत होती.

झोरा नील हर्स्टन हे त्यांचं नाव. अमेरिकेतल्या काळ्या समाजात 1891 साली जन्मल्या. त्यांच्या आधीच्या पिढ्या गुलामगिरीत राबलेल्या. इटनव्हिल नावाच्या छोट्या गावात त्या वाढल्या. ते सगळं गावच काळ्या लोकांचं, कारभारीही त्यांचेच. दुकानाच्या ओसरीवर बसून माणसं गोष्टी सांगायची, थापा मारायची, एकमेकांची उणीदुणी काढायची. झोराबाई ते ऐकत मोठ्या झाल्या. पुढं मोठ्या हिमतीनं न्यूयॉर्कच्या बार्नर्ड कॉलेजात शिकल्या. तिथं फ्रांझ बोआस हे मानवशास्त्राचे मोठे गुरुजी त्यांना भेटले. त्यांनी 1927 साली बाईंना आपल्याच मुलखात गोष्टी आणि गाणी गोळा करायला पाठवलं.

आणि बाई चक्क नापास झाल्या. कॉलेजातली गुळगुळीत भाषा बोलत त्या लोकांकडं गेल्या, आपल्याला काही लोककथा, लोकगीतं येतात का हो, असं विचारत. ज्यांची पोटं गोष्टींनी भरलेली होती ती माणसं म्हणाली, नाही बुवा, आमच्याकडं तसलं काही नाही. दुसऱ्या गावाला बघा. आपल्याकडं सर्वेक्षणवाले येतात तेव्हा आपण काय वेगळं करतो?

पुढं एका लाकूडतोड्यांच्या वस्तीत त्या राहायला गेल्या. तिथंही लोक त्यांच्यापासून अंग चोरून राहायचे. का, तर बाईंची गाडी नवी होती. सरकारी माणूस असेल, आपल्याला पकडायला आली असेल, अशी शंका. बाईंनीही चक्क थाप मारली की मी चोरटी दारू विकते, पोलिसांपासून पळतेय. शंका थोडी कमी झाली. मग एका रात्री नाचगाण्यात त्यांच्या अंगावरच्या भारी झग्याचा विषय निघाला. इतर बायकांचे कपडे साधे आणि बाईंचा झगा पावणेतेरा डॉलरचा! बाई ओशाळल्या. म्हणाल्या, माझ्याकडं कुठले आलेत पैसे! त्यांनी लोकांबरोबर त्यांचंच गाणं म्हटलं आणि मग कुठं त्या माणसांत घेतल्या गेल्या. दारूची ती थाप मला काही पटली नाही. विश्वास मिळवायला खोटं बोलायचं म्हणजे काय? पण झग्याचं वाचून मी माझ्या कपाटाकडं बघितलं. वाडीवर पहिल्यांदा गट बांधायला जाताना मी कुठली साडी नेसले होते ते आठवलं.

गाणं गोळा करायची त्यांची पद्धत मला फार आवडली. त्या गर्दीत जाऊन बसायच्या. आधी नुसतं ऐकायचं. मग सगळ्यांबरोबर म्हणायचं. मग ते गाणं त्या लोकांपुढंच म्हणून दाखवायचं. चुकलं तर ते सांगणार, बरोबर झालं तर मान डोलावणार. लोकांनी होकार दिला की गाणं त्यांच्या पोटात साठायचं आणि ते जिथं जातील तिथं म्हणता यायचं. हे त्यांनी 1939 साली स्वतःच्या आवाजात सांगून ठेवलंय, आणि ते रेकॉर्डिंग अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आजही ऐकता येतं. म्हणजे परीक्षा कोण घेणार? ज्यांचं गाणं आहे ते.

त्यांनी मुलांच्या खेळांचं, लोकांच्या कामांचं शूटिंगही केलं, तेही 1928-29 च्या सुमाराला. आणि 1932 च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहात या गाण्या-नाचांचा प्रयोग उभा केला. मानवशास्त्र, कॅमेरा आणि रंगमंच, तिन्ही गोष्टी या एका बाईनं नव्वद-पंचाण्णव वर्षांपूर्वी करून दाखवल्या.

पण खरी मेख पुढं आहे. हे सगळं करायला पैसा कुठून आला? शार्लट ऑस्गुड मेसन नावाच्या एका श्रीमंत बाईंनी दिला. महिना दोनशे डॉलर, गाडी आणि कॅमेरा. त्या बदल्यात 1927 च्या डिसेंबरमध्ये करार झाला की झोराबाई जे काही गोळा करतील त्याची मालकी मेसनबाईंची. म्हणजे गाणं गाणाऱ्याचं, गोळा करणारी झोरा आणि मालकीण तिसरीच. नाट्यगृहातल्या त्या प्रयोगात कुठला भाग घ्यायचा, कुठला नाही, यालाही मेसनबाईंची परवानगी लागली. पुढं झोराबाईंना पीएचडीसाठी शिष्यवृत्ती मिळाली, पण देणाऱ्या संस्थेशी अभ्यासाच्या आखणीवरून बिनसलं, रक्कम कमी झाली आणि त्यांची पीएचडी राहूनच गेली. 1960 साली त्या गरिबीत गेल्या. त्यांच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो 1973 मध्ये ॲलिस वॉकर या लेखिकेनं शोध घेऊन बसवला.

ही गोष्ट मी बैठकीत सांगितली तेव्हा एकजण म्हणाली, "कर्जाच्या कागदावर सही करताना आपण दहादा विचारतो, व्याज किती, हप्ता किती. मग ओवी देताना का विचारू नये?" मला जे सांगायला अर्धा तास लागला ते तिनं एका वाक्यात सांगितलं.

दुसरी एक छोटी गोष्ट. झाँ रूश नावाचे एक फ्रेंच गृहस्थ होते. आफ्रिकेत नायजर नदीकाठी त्यांनी पाणघोड्याच्या शिकारीची फिल्म केली. मग ती घेऊन ते पुन्हा त्या नदीकाठच्या गावात गेले आणि पडदा लावून शिकाऱ्यांनाच दाखवली. ती बघून शिकारी म्हणाले, बाकी ठीक आहे, पण शिकार चालू असताना तू वाद्यं का वाजवलीस? रूशनी मागून शिकाऱ्यांचंच जोशाचं संगीत घातलं होतं. शिकारी म्हणाले, अरे, शिकारीत चिडीचूप असावं लागतं, आवाज झाला तर पाणघोडा पळून नाही का जाणार! रूशना चूक पटली आणि त्यांनी ते संगीत काढून टाकलं. केलेलं काम परत नेऊन त्याच लोकांना दाखवायचं आणि त्यांचं ऐकून बदलायचं, ही रीत त्यांनी पुढं आयुष्यभर पाळली. विचार करा, आपल्या पेरणीच्या शूटिंगवर कुणी लग्नाच्या बँडची धून लावली आणि आपल्याला कधी दाखवलंच नाही, तर?

आपल्या मुलखातही चांगलं उदाहरण आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी सहकाऱ्यांना घेऊन वर्षानुवर्षं गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखावर ओव्या झाल्या. हजारांवर गावांतल्या बायका त्यात आहेत. आता ते दोघंही हयात नाहीत. 2017 पासून 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर या ओव्या येतायत. मला त्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हे की ओवीखाली गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिलेलं असतं. नाहीतर आपल्या ओव्यांना पुस्तकात 'पारंपरिक' असा एक शब्द लावून मोकळे होतात. मावशींनी विचारलं, त्यात माझ्या आईची असेल का गं? मी मोबाइलवर शोधून पाहिलं. आमच्या गावाचं नाव मला त्यात सापडलं नाही. तो माणूस वेगळाच कुणीतरी होता.

मग ती मुलगी परवाच्या बैठकीला आली. पोरगी साधी आहे, चटईवर बसली, शेंगा सोलायला लागली. तिनं संमतीपत्राचा कागद काढला. तो इंग्रजीत. अध्यक्षबाई म्हणाल्या, "पोरी, हा कागद मराठीत आण आणि मोठ्यानं वाचून दाखव. ज्यांना वाचता येत नाही त्या अंगठा देणार नाहीत, तोंडानं हो म्हणतील, ते हो तुझ्या मशीनमध्ये भरून घे." मुलगीच म्हणाली की तोंडी संमती चालते, आमच्या अभ्यासात तशी पद्धत आहे. मग ती आधी का नाही सांगितलीस, असं मी विचारलं. ती जरा वरमली.

खरा पेच पुढं होता. एका सुनेनं सांगितलं, तिच्याकडं सासुरवासाच्या ओव्या आहेत, आजीकडून आलेल्या आणि काही तिच्या स्वतःच्या. "मी गाईन, पण माझं तोंड दिसता कामा नये. उद्या हे मोबाइलवर आलं तर मी घरात काय सांगू?" जात्यावर बाई मनातलं बोलायची कारण पहाटे ऐकायला दुसरं कुणी नसायचं. तीच ओवी पडद्यावर आली की घरात भांडण लागू शकतं. तेव्हा असं ठरलं की तिचा फक्त आवाज घ्यायचा, चित्रात जातं आणि हात दाखवायचे, नाव बदलायचं. बांगड्यांवरून ओळखतील, अशी शंका कुणीतरी काढली. मग हातही नकोत, नुसतं जातं. दुसऱ्या एकीला मात्र आपलं पूर्ण नाव, माहेरचं गाव आणि फोटो सगळं हवं होतं. प्रत्येकीनं आपलं आपण ठरवायचं. आणि शूटिंग झाल्यावर एखादीचं मन बदललं तर तो भाग काढून टाकायचा, हे मुलीनं कबूल केलं. एकदा इंटरनेटवर गेलं की परत आणता येत नाही, म्हणून आम्हाला दाखवल्याशिवाय तिथं टाकायचं नाही, हेही.

पैशांचं अजून मिटलेलं नाही. प्रयोगाच्या तालमीला दहा-बारा दिवस जातील, त्यात मजुरी बुडणार. मुलगी म्हणते, तालमीच्या दिवसांची मजुरी देईन, पण ओव्यांचे पैसे देता येणार नाहीत, तसं केलं तर पैशांसाठी गायलं असं होईल. काहीजणींना ते पटलं. काहीजणी म्हणाल्या, तुला पुढं नोकरी लागेल ती याच ओव्यांवर ना? मला दोन्ही बाजू बरोबर वाटतात, खरं सांगते. तिच्या मार्गदर्शक मॅडमना विचारून ती कळवणार आहे.

मावशींनी शेवटी आपली अट सांगितली. रेकॉर्डिंग झालं त्याच दिवशी संध्याकाळी त्याची एक प्रत गटाकडं द्यायची. नंतर पाठवते, हे चालणार नाही. मुलगी म्हणाली, माझ्याकडं लॅपटॉप आहे, तिथल्या तिथं करून देते. आम्ही गटाच्या पैशातून दोन पेनड्राइव्ह घ्यायचं ठरवलं. एक अध्यक्षबाईंच्या कपाटात, एक आपल्या रेडिओ केंद्रात. हा सगळा ठराव इतिवृत्ताच्या वहीत लिहिला आणि त्याखाली मुलीचीही सही घेतली. कुणाला नमुना हवा असेल तर केंद्रावर या, मी दाखवीन.

सोमवारी ती राहायला येतेय. गावात चालू स्थितीतलं जातं एकच उरलंय, मावशींचं. त्याचा खुंटा सैल झाला होता, तो बसवायला सुताराकडं दिलाय.